रिकामं बोट

तंबाखूचं पान तव्यावर टाकलं की डोळ्यांना धूर दिसायच्या आधी नाकाला कळतं. आधी काकवीसारखा गोडूस वास सुटतो, मग तो कडवट होत होत टाळूपर्यंत चढतो, आणि मग सबंध घर एकापाठोपाठ एक शिंकत सुटतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं दिवस उगवला तो या शिंकांनी. काळं पडलेलं पान चुरायचं, पूड डबीत भरायची आणि सकाळी बोटावर घेऊन दातांना लावायची, हीच मिश्री. आज सकाळी शेजारच्या ठकीच्या परसातून तोच वास आला आणि मी हातातला चहा ठेवून उभा राहिलो. का उभा राहिलो? कुणी हाक मारली होती? हाक मारणारी तर भादव्यात गेली. पण नाकाला कोण सांगणार! माणूस गेलेलं डोळ्यांना लवकर कळतं, कानांना त्याहून उशिरा. नाकाला बहुतेक कधीच कळत नाही.

ती म्हणजे भागी, माझी बायको. माहेर खालापुराकडचं, सासर हे कर्जतकडच्या कोंडाण्याच्या डोंगराखालचं. लग्नात तिने पितळेची डबी आणली होती, मिश्रीची. आमच्या परसात शेवग्याखाली एक पसरट धोंडा आहे. शेणगोठा झाला, पाण्याचे हंडे भरून झाले, की ती त्या धोंड्यावर बसायची. कुंपणापलीकडून ठकी यायची. दोघी तोंडात बोट घालून डोंगराकडे बघत राहायच्या. दात घासायला किती वेळ लागतो? पण त्या चांगल्या घटकाभर बसत. मला आधी वाटे, या बायका आळशी. मग हळूहळू उमगलं. तोंडात मिश्री असलेल्या बाईला उठवायचं नाही, असा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा होता. जेवत्या माणसाला ताटावरून उठवावं तसं ते अशुभ. सासू असो, नवरा असो, दारात आलेला पाहुणा असो, सगळ्यांनी थांबायचं. पहाटेपासून निजेपर्यंत त्या बाईचे हात दुसऱ्यांचे. तेवढ्या घटकेपुरते तिचे. देवाने पुरुषांना पार दिला, बिडी दिली, गप्पा दिल्या. बायकांना काय दिलं? एक धोंडा आणि चिमूटभर काळी पूड!

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. भात झोडून झालं होतं, खळ्यावर पेंढ्याच्या गंजी उभ्या होत्या, उन्हाला ती कोवळी थंडी होती जी पुढे मला कधी तशी लागली नाही. भिवपुरीच्या वीजघराकडून कच्च्या रस्त्याने धूळ उडवत मुंबईची जीप आली. आदल्या दिवशी दवंडी झाली होती, की दातांचे डॉक्टर सगळ्यांची तोंडं बघणार. आता पाहुण्यांपुढे घाण तोंड कसं न्यायचं? आमच्या बायकांनी त्या सकाळी रोजच्यापेक्षा दुप्पट मिश्री घासली. काही जणींनी तर मारुतीच्या देवळाकडे जाता जाताही बोट फिरवलं. डॉक्टरांनी बॅटरी मारली तर एकेक तोंड म्हणजे कोळशाची खाण! ठकी ठसक्यात म्हणाली, ‘‘डाक्टर, दोनदा घासलंय बरं का. चकचकीत हाय का नाय?’’ डॉक्टर डोक्याला हात लावून उभा राहिला. त्याच्याबरोबर एक तरुण डॉक्टरीणबाई होती. ती हसत हसत देवळाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘‘सगळ्या जणी चूळ भरून उद्या या गं.’’

त्या संध्याकाळी डॉक्टरने आम्हाला देवळापुढे बसवून समजावलं. कोण तंबाखू खातं, कोण ओढतं, कोण मिश्री लावतं हे विचारणार. सगळ्यांची तोंडं बघणार. आणि पुढची कितीतरी वर्षं हीच माणसं, हीच तोंडं, पुन्हा पुन्हा येऊन बघणार. कुणाला काय होतं आणि कशाने होतं ते त्यातून कळेल. ‘‘औषद काय आणलंय?’’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘औषध नाही, प्रश्न आणलेत.’’ मागून ठकीचा सासरा गुरगुरला, ‘‘म्हंजे आमी मरायची वाट बघनार तुमी?’’ सगळे हसले, डॉक्टर हसला नाही. ‘‘आधी सांगता यावं म्हणून बघणार, बाबा,’’ तो म्हणाला. लोक कुरकुरत उठले, पण मला त्यात वावगं वाटलं नाही. एका सालच्या पिकावरून शेत कोण पारखतो? खाचर नीट कळायला दहा पावसाळे त्याच्या बांधावर उभं राहावं लागतं. माणसाचं शरीर काय त्याहून सोपं आहे?

दुसऱ्या दिवशी गावातल्या दोघींनी लुगडं आडवं धरलं आणि त्याआड बाईने बायकांची तोंडं तपासली. भागीच्या डाव्या गालात आतून एक पांढरा चट्टा निघाला, भाताच्या पेजेवरची साय चिकटावी तसा. बाईने मला बोलावून दाखवला. म्हणाली, ‘‘आज काही नाही. पण असा चट्टा पुढे जीवावर उठू शकतो. मिश्री सोडायला लावा.’’ घरी आल्यावर भागी चुलीपुढे बसली आणि लाकूड सारता सारता म्हणाली, ‘‘सोडीन वो मिश्री. पन मंग बसू कवा?’’

मुंबईच्या डॉक्टरांच्या विचारायच्या प्रश्नांत हा प्रश्नच नव्हता. उत्तर तिचं तिनेच काढलं. चार सकाळी तिने डोकं धरून, कुणावर ना कुणावर खेकसत काढल्या. पाचव्या सकाळी बघतो तर भागी धोंड्यावर बसलेली, तोंडात बोट, नजर डोंगराकडे. जवळ जाऊन हळूच विचारलं तर तिने बोट बाहेर काढून माझ्यापुढे धरलं. स्वच्छ, ओलं, रिकामं! डोळे असे मिचकावले की जणू दोघांनी मिळून कुणाचे आंबे चोरलेत.

मग दर आठ-पंधरा दिवसांनी मी मागच्या दारातल्या उजेडात तिचं तोंड उघडायला लावून चट्टा बघायचो. कर्जतच्या बाजारात बैल घेताना जसं जबडा धरून बघतात, तसंच माझं बघणं. ‘‘बाजारात न्यायचं हाय का मला?’’ ती तसल्या उघड्या तोंडाने विचारायची, आणि मी म्हणायचो, ‘‘गप, गिऱ्हाईक पळंल.’’ खरं सांगतो, लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पोरं झाली होती, पण बायकोचा चेहरा मी इतका जवळून, इतक्या उजेडात तोवर पाहिला नव्हता. उजव्या भुवईत एक पांढरा केस होता. हनुवटीखाली लहानपणीच्या भाजल्याची खूण होती. तो चट्टा निघाला नसता तर मला या गोष्टी कळल्या असत्या का?

दरसाल भात निघालं की जीप यायची आणि आमच्या घरात दबून बोलणं सुरू व्हायचं. बाई बॅटरी मारायची, भागी माझ्याकडे बघायची, मी डोंगराकडे. चट्टा आधी तसाच राहिला, मग कडांनी विरत गेला. धाकटी पोर चालायला लागली, त्या साली बाई म्हणाली, ‘‘आता काही दिसत नाही.’’ भागीने तोंड मिटलं आणि तिथेच डोळ्यांना पदर लावला. धोंड्यावरचं बसणं मात्र तिने सोडलं नाही. माझी आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा म्हणाली, ‘‘सूनबाई, तुजं बोट रिकामं असतं, मला ठावं हाय. पयल्या दिसापास्नं ठावं हाय. बस तू.’’ जन्मभर तिखट बोललेल्या माझ्या आईचं ते एवढं एक वाक्य मी तिच्या नावाने गूळखोबऱ्यासारखं जपून ठेवलं आहे.

आणि मग गेल्या भादव्यात, दाणा दुधात असताना, भागी साध्या तापाने गेली. तोंडाचं काही नाही, चट्ट्याचं काही नाही. ठकीने मिश्री कधीच सोडली नाही. तिच्या तोंडाला काही झालं नाही, ती अजून ठणठणीत आहे. तेराव्याला माझ्यापुढे बसून रडली, ‘‘दादा, मी ती काळी राख अजून खाते अन् मी हाय. तिनं सोडली अन् ती गेली. असं कसं वो?’’

भात निघाल्यावर जीप आली. बाईचे केस आता पिकलेत. तिने भागीला हाक मारली, मी पुढे होऊन सांगितलं. कोण गेलं आणि कशाने गेलं हेही त्यांना विचारावंच लागतं. तिने विचारलं, मी ‘ताप’ म्हणालो. मग माझा तोल गेला. म्हटलं, ‘‘एवढी वर्षं बघितलंत, काय मिळालं?’’ ती म्हणाली, ‘‘भागीरथीबाईंसारख्या कितीतरी जणींनी सोडली आणि चट्टे गेले, म्हणून आता आम्ही पोरींना छातीठोक सांगतो.’’ ‘‘आणि ठकी?’’ ‘‘एकीचं सांगता येत नाही, दादा. हजारांचं सांगता येतं.’’ मी म्हणालो, ‘‘बाई, हजारांचं मी काय करू? माझी एकच होती.’’

तिने खोटं समाधान दिलं नाही, हे मला बरं वाटलं. आमच्या परसात येऊन ती त्या धोंड्यावर घटकाभर बसली आणि मग जीप गेली. चट्टा विरला त्यानंतरचे कितीतरी पावसाळे आम्ही एका बांधावर काढले. ते त्या रिकाम्या बोटाने दिले, की तसेही मिळणारच होते? कुणाला ठाऊक! मिळाले एवढं खरं.

ती गेल्यापासून मला कुणी बसू देत नाही. मुलगा म्हणतो देवळात जा, शेजारी म्हणतात पारावर चला, सून सारखी येऊन म्हणते, आबा, दोन घास खा. आबा, उन्हात नका बसू. सगळे प्रेमाचेच, पण किती ते उठवणं! आज ठकीच्या तव्याचा वास आला, मी उठलो, आणि पाय आपोआप परसात गेले. धोंडा दवाने गार होता. बसलो. डोंगरावर धुकं उतरत होतं. उजव्या हाताचं बोट तोंडात घातलं. दात फारसे उरले नाहीत, बोटावर तर काहीच नव्हतं.

सून मागच्या दारात आली. ‘‘आबा, च्या गार—’’ म्हणाली, आणि माझ्याकडे बघून थांबली. मग आत वळली आणि दार हलकेच लोटून घेतलं. तोंडात बोट असलेल्या माणसाला उठवायचं नाही, हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं.