सहा गोल खाल्लेला गोलकीपर

आमच्या गावात कॉलेजच्या फुटबॉलचे दोन गट आहेत. अ गटाला हिरवळीचं मैदान आणि पगारी प्रशिक्षक मिळतो, ब गटाला दुपारचं ऊन. मी ब गटातून खेळलो. पुढे खेळाच्या सामानाचं दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलं, तरी त्या दुजाभावाचा राग अजून गेलेला नाही.

काल या दोन गटांतला सामना पाहत होतो. अ गटाचे सहा गोल झाले होते. अशा वेळी आम्ही चेंडू मुद्दाम भिंतीपलीकडे मारायचो. तो आणेपर्यंत वेळ जायचा आणि पुढचा गोल टळायचा. हेही तेच करतील असं वाटलं. पण ब गटाचा गोलकीपर जाळीतून चेंडू काढून स्वतःच मधल्या रेषेपर्यंत धावत आला.

"सर, किती वेळ राहिला?" त्यानं पंचांना विचारलं.

"चार मिनिटं. सुटलास बघ."

"सुटायचंय कुणाला? ब गटानं यांना कधी गोल मारलेला नाही. आज एक मारायचाय."

अ गटाचा कॅप्टन हसला. "सहा खाऊन पोट भरलं नाही व्हय रे?"

"नाही भरलं. बाजूला हो."

गोल झाला नाही. उलट सातवा बसला, आणि गोलकीपर पुन्हा चेंडू घेऊन धावला. मी दुकानात आयुष्यभर घासाघीस केली, पण मैदानावर माझी सगळी घासाघीस कमी हरण्यासाठी होती. शिट्टी वाजली तेव्हा हा गडी, अजून वेळ शिल्लक आहे म्हणून, पंचांशी भांडत होता.