तीन बाणांचा डबा

गोवर्धन पुंडकर हा माणूस संशय घेण्यासाठीच जन्माला आला असावा. बार्शीटाकळीजवळच्या त्याच्या गावात लोक म्हणत, की हा सकाळी उगवलेल्या सूर्यालाही विचारील, आज एवढ्या लवकर कावून आला बापा? अकोल्याच्या बाजारात मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन गेला की अडत्याच्या काट्याखाली वाकून बघायचा. कंडक्टरनं दिलेलं तिकीट उन्हात धरून बघायचा. डॉक्टरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या तर लाल का नाहीत, हे विचारल्याशिवाय उठायचा नाही.

सगळा दोष त्याच्याच पदरात टाकूनही चालणार नाही. ती वर्षंच तशी होती. कपाशीनं दगा दिला होता, गावोगावहून वाईट बातम्या येत होत्या, आणि अशा दिवसांत फसवणाऱ्यांचा हंगाम मात्र बारमाही चालतो. एका साली गोवर्धननं आणलेल्या बियाण्याच्या पाकिटांवर उगवणीची हमी एवढ्या ठळक अक्षरांत छापली होती, की आंधळ्यालाही दिसावी. वावरात बोटभर कोंब आला नाही. दुकानदारानं कंपनीकडं बोट दाखवलं, कंपनीनं पावसाकडं. तेव्हापासून त्यानं कपाशी सोडली, भाजीपाला धरला, आणि छापील अक्षरावरचा त्याचा विश्वास कायमचा उठला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हा तर ताकाचं भांडंच परत पाठवायला लागला.

त्याच्या बोलण्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे त्याची बायको माणिकबाई. तिला वाचता येत नव्हतं. नवऱ्यानं वाचून सांगितलं की तिच्या लेखी विषय संपला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गोवर्धननं वांग्यावर फवारायला औषधाचा डबा आणला. पाच लिटरचा, पांढराशुभ्र, घट्ट झाकणाचा. अशा डब्यांवर आजवर मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक इंग्रजी अक्षरं असायची. या डब्यावर मात्र एकमेकांच्या मागं लागलेल्या तीन बाणांचं चित्र होतं, आणि खाली मोठ्या, स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: रिकामा डबा घरात वापरू नका. तीनदा धुवा, भोक पाडा, भंगारात द्या.

औषध संपल्यावर गोवर्धननं ते पुन्हा वाचलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. कंपनी इतकं सरळ बोलते म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. त्यानं माणिकबाईला बाणांचा अर्थ समजावून दिला. पहिला बाण कंपनीचा, दुसरा दुकानदाराचा, तिसरा भंगारवाल्याचा. हे तिघं गोल फिरत एकमेकांचं भलं करतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत आपण उभे. चांगला डबा आपण भोक पाडून वाया घालवायचा आणि पाण्याला दुसरा विकत घ्यायचा. माणिकबाईला पटलं. तिनं डबा राखेनं घासला, चिंचेनं घासला, उन्हात वाळवला, आणि निंदायला जाताना त्यातूनच प्यायचं पाणी न्यायला लागली. वरून ओलं गोणपाट गुंडाळलं की पाणी गार राहायचं. दुपारनंतर तिचं डोकं धरायचं. गोवर्धन म्हणायचा, ऊन बाधलं.

भंगार गोळा करत सायकलवर फिरणारा बार्शीटाकळीचा मुनव्वर अधूनमधून गावात यायचा. औषधाचा डबा दिला की तो आधी सळईनं त्याला भोक पाडायचा, मगच पोत्यात टाकायचा. गोवर्धनला आणखी काय पाहिजे होतं? सबंध डबा बाजारात चांगला विकला जातो. मग धंदेवाला माणूस आपल्याच मालाला भोक कशाला पाडील? याला कंपनीनं फितवलाच असणार. मुनव्वरनं वांग्याच्या औषधाचा डबा विचारला, तेव्हा गोवर्धननं सरळ हात झाडले.

एका दुपारी मुनव्वर त्यांच्या वावराच्या कडेनं सायकल ढकलत चालला होता. माणिकबाईनं त्याला निंबाखाली बोलावलं आणि गिलासभर पाणी दिलं. उन्हात आलेल्या माणसाला पाण्याशिवाय जाऊ देणं तिला जमण्यासारखं नव्हतं. मुनव्वरनं गिलास तोंडाशी नेला, गोणपाटातून डोकावणारं पांढरं झाकण पाहिलं, आणि गिलास खाली ठेवला. आताच पेलो म्हणाला. त्याचे ओठ तर कोरडे पडून फुटले होते.

पाण्याची मोटार बंद करून आलेल्या गोवर्धननं हे पाहिलं, आणि त्याचा संशय नेमका नको तिकडे धावला.

"कावून मुनव्वरभाई? आमच्या घरचं पाणी चालत नाई काय आता?"

बोलणं लागणारंच होतं. या घरात मुनव्वरनं भाकर खाल्लेली होती. त्यानं तोच गिलास उचलून गोवर्धनपुढं धरला.

"तुमच्या घरचं पाणी आजवर पेतच आलो, भाऊ. पन हा डबा औषधाचा हाय. अर्धा गिलास तुमी प्या, उरलेला मी पेतो."

गोवर्धननं गिलास हातात घेतला. ओठापर्यंत नेला आणि तिथंच थांबला. खरी गोष्ट अशी होती, की अख्ख्या उन्हाळ्यात या डब्यातलं घोटभर पाणीही त्यानं चाखलं नव्हतं. तो मोटारीच्या धारेला तोंड लावायचा आणि ते पाणी ताजं असतं असं स्वतःला सांगायचा. अक्षरांवर त्याचा विश्वास नव्हता, तसा डब्यावरही नव्हता. पण तो दुसरा संशय बोलून दाखवला असता तर कंपनी खरी ठरली असती, आणि ते त्याला सोसणार नव्हतं.

"प्या ना अजी," माणिकबाई म्हणाली. तिच्या मनात काहीच नव्हतं. तो पिणारच, असं ती धरून चालली होती.

गोवर्धननं गिलास धुऱ्याच्या बांधावर उपडा केला.

माणिकबाई त्या ओल्या मातीकडं बघत राहिली. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"तुमाले संशय होता," ती म्हणाली. "मंग मले सांगतलं कावून नाई?"

साऱ्या जगाची उलटतपासणी घेणारा माणूस रिकामा गिलास बोटांनी पुसत राहिला. शरमेनं त्याची मान वर होईना. माणिकबाईनं डबा रिकामा केला, मुनव्वरकडून सळई मागून घेतली आणि आपल्या हातानं डब्याच्या बुडाला भोक पाडलं. मुनव्वरनं डबा पोत्यात टाकला.

त्याच आठवड्यात तिचं डोकं पुन्हा उठलं. गोवर्धन घाबरला, तसाच उठून बार्शीटाकळीला गेला आणि डॉक्टरकडून गोळ्या घेऊन आला. यावेळी रंगाबद्दल त्यानं काही विचारलं नव्हतं. त्यानं गोळ्यांची पट्टी तिच्या हातावर ठेवली. एरवी तिनं तिथंच गोळी तोंडात टाकली असती. आता ती उठली, शेजारच्या घरच्या शिकलेल्या सुनेकडं, करिश्माकडं गेली आणि पट्टीवर काय लिहिलंय ते सगळं वाचून दाखव म्हणाली. करिश्मा नाव, तारीख, सूचना एकेक करून मोठ्यानं वाचत होती. गोवर्धन ओसरीवर बसून ऐकत होता, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असावं, एवढंच त्याला वाटत होतं.