आप्पांचा एकच नकार

आमच्या कॉलेजातल्या आप्पांच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. नेमणूक संगणक विभागात, पण जनरेटर बंद पडला की आप्पा. गॅदरिंगचा माइक कुरकुरला की आप्पा. पाहुण्यांना उदगीर स्टेशनवरून आणायचंय? आप्पा आहेत की! ‘व्हय, आलोच की,’ म्हणायचे आणि चहा तसाच टाकून निघायचे. त्या चहावर साय धरलेली पाहून माझं डोकं फिरायचं.

एकदाच ते नाही म्हणाले, तेही थेट प्राचार्यांना. मी तिथेच उभी होते. कानांवर विश्वास बसेना.

झालं असं की नवी लॅब सुरू होणार होती. कॉलेजात एक फायरवॉल होता, म्हणजे इंटरनेटवरून येणारं-जाणारं सगळं तपासणारा डबा. त्याच्या केबल जोडायच्या जागा, म्हणजे पोर्ट, संपल्या होत्या. सर म्हणाले, “त्यालाच जादा पोर्ट बसवून घ्या. एकच डबा, एकच कटकट.” आप्पांना हवा होता वेगळा स्विच, आतले संगणक एकमेकांना जोडणारा.

“न्हाई सर,” आप्पा म्हणाले. “ह्यो राखणदार हाय. दारात झडती घेणं त्याचं काम. घरातल्या पंगतीला वाढायचं बी त्याच्याच गळ्यात घातलं, तर लई बेजार हुईल त्यो. एक दिवस मटकन बसंल. मग दारात बी कुणी न्हाई अन् पंगतीला बी कुणी न्हाई.”

सरांनी आप्पांकडं पाहिलं आणि मान डोलावली. आणि स्विच आला!

तो त्यांनी स्वतः बसवला. नवीन सुनेला घर दाखवावं तशा कौतुकानं मला कुठली केबल कुठं जाते ते दाखवत होते. मी म्हटलं, “आप्पा, आता स्वतःसाठीही एक मागा. हाताखाली माणूस घ्या. दारात तुम्हीच, पंगतीला तुम्हीच!” ते खो-खो हसले.

“मशीनचं नाजूक असतंय मॅडम. माणसाला काय, घोटभर च्या पाजला की पुन्हा चालू.”

“मग तो घोटभर तरी पीत जा,” मी चिडून म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला आणि ते उठलेच.

प्रात्यक्षिक परीक्षांच्या दिवसांत भर दुपारी आप्पा व्हरांड्यात कोसळले. कोसळले म्हणजे भिंतीला टेकून मटकन बसले, अगदी त्यांच्याच शब्दांतल्यासारखे. एका हातात केबल, खिशात फोन वाजतोय. मी धावले. “आप्पा, काय होतंय?” तर म्हणतात कसे, “लॅबमधी पोरांचं चालू हाय न्हवं?” अहो, माणसानं अशा वेळी हे विचारावं? लातूरला नेलं, पण दवाखान्याच्या दारात पोचायच्या आतच सगळं संपलं. मला रडूसुद्धा आलं नाही. सकाळी तर हा माणूस जिन्यात मला बाजूला व्हायला सांगून शिडी घेऊन गेला होता! तो असा कसा जाईल?

शोकसभेला हॉल गच्च भरला. टेबलावर हार घातलेला फोटो, बाजूला आप्पांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पदर तोंडाशी धरून बसलेल्या. सर बोलायला उठले. “आप्पा म्हणजे आपल्या कॉलेजचा आधार...” एवढ्यात माइक खरखरला आणि बंद पडला. सरांनी त्यावर टिचकी मारली, फुंकर मारली. मग रोजच्या सवयीनं दाराकडं वळून म्हणाले, “अरे, जरा आप्पांना बोलवा.”

वहिनींनी मान वर करून दाराकडं पाहिलं. खरंच पाहिलं हो त्यांनी! सरांचा चेहरा पांढराफटक पडला. माइक हातात तसाच.

कुणीच उठलं नाही. उठणार कोण? तो माइक दुरुस्त कसा करतात, हे त्या भरल्या हॉलमध्ये एकालाही ठाऊक नव्हतं.