मोफत खाटा

अक्का वेबसाइट तपासायला बसली की आधी पडद्यावर आडवा तळहात ठेवायची. फोटो, घोषवाक्यं, सरकती चित्रं सगळं झाकलं जायचं. उरायची फक्त वरची मेनूची पट्टी. मग समोरच्या मालकाला ती विचारायची, "आता सांगा, हे दुकान कशाचं?"

मालक गडबडायचा. पट्टीवर 'आमचा वारसा', 'आमची वाटचाल', 'कलेक्शन' असलं काहीतरी असायचं, आणि दुकान असायचं चादरींचं. "लोक रात्री वारसा पांघरतात का? चादर शोधतात, टॉवेल शोधतात. तेच लिहा की," असं म्हणून अक्का पट्टी बदलून मोकळी व्हायची. विचारायची नाही. अशा बाईशी भांडायला आलेली माणसं चहा पिऊन परत जाताना तुम्हीही कुठल्या तरी ऑफिसात पाहिली असतील.

ती सोलापूरच्या तेलुगू विणकर घरातली. आमच्या छोट्या ऑफिसात मांडणी तिची, मजकूर माझा. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील कामगार संघटनेचे, त्यामुळे आमच्या घरी पोळ्यासुद्धा जुन्या पत्रकांवर निवत. खरी गोष्ट ठळक अक्षरांत छापली की काम झालं, अशी माझी समजूत होती. अक्का त्यावर हसायची. पत्रक माणसाच्या हातात जातं, म्हणायची. इथं माणसाला स्वतः चालत यावं लागतं. वाट नसेल तर तुझ्या ठळक अक्षरांचं काय लोणचं घालायचं? सर्च इंजिनही मेनूच्याच वाटेनं आत शिरतं. मालकानंच जे माळ्यावर टाकलं, ते परक्यानं कशाला खाली काढावं?

मग एका ट्रस्टच्या रुग्णालयाचं काम आलं. गरिबांसाठी राखून ठेवलेल्या खाटांची माहिती देणारं एक पान त्यात होतं. मजकूर मी लिहिला, आणि अक्कानं मेनूच्या पहिल्या रांगेत शब्द टाकले: 'मोफत खाटा'.

पानाच्या तळाशी वेबसाइट बनवणारे म्हणून आमचा नंबर होता. लोक तोच रुग्णालयाचा समजायचे. पहिला फोन करकंबहून आला. खाट लाकडी हाय का लोखंडी, आणि न्यायला टेंपो आणू का, असं विचारत होता गडी. अक्का डोळ्यांतलं काजळ गालावर येईपर्यंत हसली. मग गाल पुसून तिनं मेनूत लिहिलं, 'गरिबांसाठी मोफत उपचार'.

त्यानंतर खऱ्या गरजेचे फोन येऊ लागले. अक्का स्वतः उचलायची. कुठली कागदपत्रं, कुठली खिडकी, सगळं सांगायची, आणि वर त्या पानाचा पत्ता मोबाइलवर पाठवायची. आमचे सर चिडले. तू काय रुग्णालयाची नोकर आहेस का, म्हणाले. "नंबर आपला छापलाय ना? मग उचलायला नको?" अक्का म्हणाली.

काही आठवड्यांत ट्रस्टचे एक साहेब आले. 'गरीब' हा शब्द संस्थेच्या प्रतिमेला शोभत नाही, म्हणाले. त्याऐवजी 'सामाजिक बांधिलकी' लिहा, आणि तेही 'इतर'च्या आत. मी पेटले. हे पान कुणाच्या हक्काचं आहे यावर मी त्यांना उभ्या उभ्या भाषण दिलं. ते शांतपणे चहा पीत राहिले.

अक्कानं एकच विचारलं. "साहेब, आजारी माणूस 'बांधिलकी' शोधत येईल का?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणूनच तर," म्हणाले.

अक्का ते करायला तयार झाली नाही. मग सरांनी स्वतःच्या हातानं ते शब्द मेनूतून काढले. 'इतर'मध्येही ठेवले नाहीत. पान मात्र साहेबांनी पुसू दिलं नाही, कारण सरकारनं विचारलं तर ते आहे असं दाखवता आलं पाहिजे. आमच्या धंद्यात याला अनाथ पान म्हणतात. तिथून सगळ्या वेबसाइटवर फिरता येतं; तिथं मात्र कुठूनच पोचता येत नाही.

सर्च इंजिनच्या यादीत ते पान खाली खाली घसरलं आणि दिसेनासं झालं. फोन थांबले. एवढी बोलकी बाई, काम करता करता मान वळवून फोनकडे बघायची. एकदा तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला, चालू आहे ना ते ऐकलं, आणि परत ठेवला.

उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. घरच्यांना कळेपर्यंत अंगात भिनली होती. अक्का गेली.

मी अजून त्या पानाचा पूर्ण पत्ता टाइप करून ते उघडते. उघडतं. वर मेनू असतो, सगळे विभाग झळकत असतात. बंद काचेमागून कुणी बाहेर बघत असावं तसं ते पान बघतं. मी ते घाईनं बंद करते.

परवा दुपारी ऑफिसचा फोन वाजला. कुर्डुवाडीचा माणूस होता. मेव्हण्यानं त्याला त्याच पानाचा पत्ता पाठवला होता, मेव्हण्याला आणखी कुणी तरी. "अक्का हायत का? त्या समदं नीट सांगत्यात म्हनं."

"अक्का नाहीत," मी म्हणाले.

"बरं, मग येऊ द्या की. थांबतो. आईला हितं तुमच्या दवाखान्यात बाकड्यावर निजवलंय."

मी म्हटलं, फोन चालू ठेवा, खिडकीवर जा, ते पान उघडून त्यांच्यासमोर धरा. तो चालू लागला. मला गर्दी ऐकू येत होती. मग खिडकीतला आवाज आला, असं काही नाही इथं. त्यावर हा माणूस मी लिहिलेलं एकेक वाक्य अडखळत, मोठ्यानं वाचू लागला. खिडकीतला आवाज पुन्हा आला.

"हे तुम्हाला दिलं कुणी?"

"अक्कांनी," तो म्हणाला. "त्या यायच्यात अजून."