जांभळ्याची पारख

पुष्पलताबाईंचा हात चिकटपट्टीवर फिरू लागला की प्रयोगशाळेतली पोरंपोरी बोलायचं विसरत. ग्राफाइटचा कपटा पट्टीवर घ्यायचा, पट्टी दुमडायची, उघडायची, पुन्हा दुमडायची. पदर सुटत सुटत शेवटी अणूएवढ्या जाडीचा एकच उरतो, तो ग्राफीन. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची जांभळी छटा जेमतेम दिसते. दोन पदर असले की जरा दाट. ही पारख बाईंनी पुस्तकातून घेतली नव्हती. भिवापूरला बापाच्या खळ्यावर रंग बघून मिरच्या निवडताना डोळा तयार झाला, तोच नागपुरात पंधरा वर्षं कामी येत होता.

गेल्या महिन्यात धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि घोळ झाला. उजव्याने जग निळसर, धुतल्यासारखं. डाव्याने जुनंच, पिवळट, ओळखीचं. डाव्याच्या ऑपरेशनची तारीख बाईंनी दोनदा टाळली. आपला जांभळा गेला तर आपल्यापाशी उरतं काय, ही धास्ती त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नाही.

नेमका तेव्हाच प्रयोगशाळेच्या प्रमुख करिष्मा मॅडमना मोठ्या चुंबकातल्या प्रयोगासाठी एकपदरी कपटा हवा होता. चुंबक थंड करायला लागणारा द्रव हेलियम वर्षातून एकदाच मिळे. समोर दोन कपटे होते, आणि एकपदरी कोणता यावर दोन डोळ्यांचं पटत नव्हतं. जुनं ते सोनं म्हणत बाईंनी उजवा मिटला आणि डाव्याचं ऐकलं.

आठवड्याने, भर दुपारी, चुंबकाचा जोर चढू लागला. स्टुलावर बसल्या बसल्या बाईंना वाटलं, आपणच त्या कपट्यावर उतरलोय. पायाखाली जांभळं पाणी आहे आणि भोवती इलेक्ट्रॉन फुगडी घालताहेत. मॅडमनी एकदा समजावलं होतं, एवढ्या जोरात विजेचा आलेख जिन्यासारखा चढतो. एक पदर असेल तर पायऱ्या दोन, सहा, दहा या आकड्यांवर. दोन असतील तर चार, आठ, बारावर.

पडद्यावर पहिली पायरी उमटली ती चारवर. मग आठवर.

मॅडम अजून आकडे उतरवत होत्या. गप्प बसलं असतं तर बाईंना कुणी विचारलंही नसतं.

"मॅडम, हे दोन पदर हायेत," त्या म्हणाल्या. "दोष माह्या डाव्या डोळ्याचा हाय. मले शंका होती, तरी मी बोलली नाही."

"काहून नाही बोलल्या, काकू?"

"भेव वाटलं. रंगच गेला तर मले इथं कोण ठेवीन?"

वर्ष वाया गेलं होतं, ते मॅडमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी वहीत 'दोन पदर' असं लिहिलं आणि नाकारलेला कपटा बघायला सांगितलं.

बाईंनी या वेळी डावा मिटला. काचेखाली तो कपटा पडला होता, कडा न् कडा उघडी, पहाटेच्या आभाळासारखा हलका जांभळा. कितीतरी वर्षं आपण हा रंग पुरता पाहिलाच नव्हता, हे कळून त्यांना रडू आलं. डोळे पुसून त्यांनी धंतोलीच्या दवाखान्यात फोन लावला आणि डाव्यासाठी सगळ्यात जवळची तारीख मागितली.