पंच्याऐंशी सालची लाल वाइन

रत्नप्रभा पडली ती फक्त ओल्या फरशीमुळे. मुलुंडच्या त्या छोट्या वाइन कारखान्यात टाक्या धुतल्या की पाणी तसंच साचून राहायचं. नमुना काढायला ती वाकली, चप्पल सरकली आणि डोक्याची मागची बाजू टाकीच्या ओट्यावर आपटली. टाके पडले. सूज उतरली तशी ती कामावर रुजू झाली. काहीतरी गेलंय हे तिला पहिल्यांदा जाणवलं ते सकाळच्या चहाला. चहा गोड होता, गरम होता, पण चहा नव्हता.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मार लागून वासाची नस तुटते कधी कधी. येईल परत, किंवा नाहीही येणार."

रसायनशास्त्र शिकलेली ही बाई कारखान्यात वाइन चाखायच्या कामावर होती. बाई माणसानं दारू चाखायची नोकरी करावी, यावरून चाळीत आधीच पुष्कळ बोललं जाई. ती घोट तोंडात घोळवते आणि बादलीत थुंकते, हे कुणाला पटायचं नाही. पण नवरा दशरथ ब्याऐंशीच्या संपात घरी बसला तो बसलाच. गिरणीच्या रंगखात्यात त्याची उमर गेली होती. त्यामुळे बोलणाऱ्यांना बोलू देऊन ती कामाला जायची.

आणि नेमकं त्याच वर्षी कारखान्याचे मालक चंद्रप्रकाश शेठ यांच्या मनात मोठी गोष्ट आली होती. आजवर ते सगळ्या वर्षांचा माल एकत्र करून गोडसर वाइन विकत. आता त्यांना फक्त पंच्याऐंशीच्या द्राक्षांची, बाटलीवर साल छापलेली लाल वाइन मोठ्या हॉटेलांना द्यायची होती. तीन टाक्यांत तीन मळ्यांचा रस मुरत होता. कुठल्या टाकीतलं किती घ्यायचं, ते रत्नप्रभानं ठरवायचं.

ती ग्लास ट्यूबलाइटसमोर धरी, पांढऱ्या कागदावर रंग बघे, फिरवी, नाकाजवळ नेई. नाकाजवळ काहीच नसे. जीभ तेवढी काम करत होती. आंबट किती, तुरट किती, एवढंच तिला कळायचं. बाकी सगळी वाइन भिंतीपलीकडे गेली होती.

दशरथला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याला ते ताटावर कळलं. तिनं बांगड्याचं कालवण वाढलं. त्यानं पहिला घास घेतला आणि थांबला. ती समोर बसून शांतपणे खात होती.

"रत्ना," तो म्हणाला, "बांगडो कुसलो हा गो."

तिनं ताटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"तुका वास येणा नाय? कधीपासून?"

"पडले तेव्हापासून." आणि मग ती रडली, इतक्या दिवसांचं एकदम.

दुसऱ्या दिवशी ती औषधाच्या बाटल्यांतून तिन्ही टाक्यांचे नमुने घरी घेऊन आली. दशरथनं दारूला कधी हात लावला नव्हता. त्याचा बाप रामनाथ हातभट्टीपायी गेला होता, आणि त्याच्या चितेसमोर दशरथनं आईला शब्द दिला होता. "फक्त वास घे. प्यायचं नाही," रत्नप्रभा म्हणाली.

तो बाटली नाकाशी धरून डोळे मिटून बसला.

"ह्या जांभूळ. खाली पडून चिरडलेली."

दुसरी. "भिजलेला लाकूड. आणि मागसून दालचिनी."

तिसरी त्यानं झटकन दूर केली. "ह्या आमचा रंगखाता. अ‍ॅसिड."

प्रयोगशाळेत तिसऱ्या टाकीच्या आम्लाचा आकडा मर्यादेत आला होता, जिभेलाही ती जास्त आंबट लागली नव्हती. तरी तिनं त्याचं ऐकलं आणि तिसरीतलं अगदी नावापुरतं घेतलं. दोघं संध्याकाळी स्वयंपाकाच्या ओट्याशी बसत. ती मिसळी, तो हुंगी. कधी तो म्हणे, "आता जांभूळ मेला," मग ती पहिलीतलं थोडं वाढवी. लग्नानंतर इतकं बोलणं त्यांच्यात कधी झालं नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, "नुसत्या नाकान पुरा कळणा नाय. चाखूक व्हया."

"नको रे. तू शब्द दिलायस."

"नोकरी गेली तर खावचा काय? शब्द?"

त्यानं घोट घेतला. तिनं पुढे केलेल्या वाडग्यात थुंकला. "बरी आसा. हीच घाल," एवढं बोलून तो गॅलरीत गेला आणि कठडा धरून उभा राहिला. ती मागे गेली तेव्हा तो रडत होता.

"बापाच्या तोंडाची चव इली," तो म्हणाला.

तेच मिश्रण बाटल्यांत भरलं गेलं.

होळीच्या सुमारास हॉटेलचे साहेब वाइन बघायला आले. शेठनी नेहमीप्रमाणे पहिला ग्लास रत्नप्रभाच्या हातात दिला. तिनं रंग बघितला, फिरवला, नाक बुडवलं, घोट घेतला, थुंकली. जिभेला सगळं जागच्या जागी होतं. "छान उतरलीय," ती म्हणाली.

साहेबांनी ग्लास नाकाशी नेला आणि टेबलावर दूर सारला. शेठनी उचलून वास घेतला. त्या एका बाटलीचं बूच बुरसलं होतं. आत ओल्या गोणपाटाचा भपकारा होता.

दुसरी बाटली उघडली. ती निर्मळ होती. साहेब घुटके घेत बराच वेळ बसले आणि मोठी मागणी नोंदवून गेले.

ते गेल्यावर शेठनी दार लोटलं. "कधीपासून, बाई?"

"गणपतीपासून."

"मग ही वाइन कुणी केली?"

ती म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं वास घेतला, मी मिसळली."

"म्हणजे माल घरी नेत होतात."

"नमुने होते, शेठ. एवढ्याशा बाटल्या."

"नेला ना?" त्यांचा आवाज चढला नाही. कामावरून काढताना त्यांनी तेच कारण दिलं, चोरीचं. तोंडातली वाइन थुंकणारी बाई आता चोरही ठरली. चाळीत शेजारच्या मथुराकाकूंनी तर तोंडावर विचारलं, "खरंच का गं आणायचीस?"

वाइन चालली, असं ऐकू आलं. रत्नप्रभाचं नाक परत आलं नाही. वाइनच्या धंद्यात तिला पुन्हा कुणी उभं केलं नाही. ती शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली, दशरथ एका सोसायटीत वॉचमन लागला. मासळी तोच आणी, दूध तोच हुंगून बघे. दारूला त्यानं परत हात लावला नाही, पण आईच्या श्राद्धाला हात जोडताना तो मान वर करत नसे.

अठ्ठ्याऐंशीत, दोघांनी मुलाबाळाची आशा सोडल्यावर, मुलगी झाली. बारशाला मथुराकाकू आल्या, बाळाच्या टाळूवर नाक टेकवून डोळे मिटून बसल्या. "ह्या वासासारखा वास नाही गं जगात," त्या म्हणाल्या.

"हो," रत्नप्रभा म्हणाली, आणि वाळलेले लंगोट घड्या घालायला जवळ ओढली.