नालीतून निघालेला माल

विश्वास कोणावर ठेवाल तुम्ही? पर्यावरणावर छान बोलणाऱ्यावर, की प्लास्टिक विकून गप्प बसणाऱ्यावर? मी दुसऱ्यातला. जबलपूरच्या सदर बाजारात माझं डिस्पोजेबलचं दुकान आहे: प्लेटा, ग्लास, चमचे. आणि दर रविवारी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये फादर समाज, राजकारण, निसर्ग यांवरची चर्चची शिकवण समजावतात, तिथंही मी असतो. तिथले किस्से माझ्या ग्लासांसारखे: एक ओढला की चार चिकटून येतात!

*

पहिल्याच रविवारी फादर म्हणाले, "ही पृथ्वी म्हणजे आपलं सगळ्यांचं घर." तेवढ्यात चहा आला. प्लास्टिकच्या ग्लासात! सगळे माझ्याकडे पाहू लागले. रिटायर्ड नर्स फिलोमिनाबाईंनी पर्समधून स्टीलचा पेला काढला. "घाबरू नको विन्सेंट, एकाच ग्लासाचा घाटा आहे."

*

मग प्रगतीचा विषय निघाला. "खरा विकास संपूर्ण माणसाचा असतो, आणि प्रत्येक माणसाचा," फादर म्हणाले.

अधारतालचे डॉमनिककाका उभे राहिले. "फादर, आमच्या गल्लीत रोड उंच केला, नाली तुंबली, पाणी घरात. संपूर्ण माणूस भिजला, अन् प्रत्येक माणूस भिजला!"

*

"राजकारण हेही प्रेमाचंच काम आहे," असं फादर सांगत होते, आणि वॉर्डाचे एक नेताजी मतं मागायला दारात! फिलोमिनाबाईंनी काकांच्या नालीचं सांगितलं.

"हो जाएगा, दीदी."

"कब?"

"जल्दी."

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यापुढे धरलं. "जल्दी किस तारीख को आता है, भैया? गोल कीजिए और साइन कर दीजिए."

केली बिचाऱ्यानं! आणि त्याच तारखेला सफाईवाले गल्लीत हजर. फादर हळूच म्हणाले, "प्रेम जरा कडक होतं."

*

त्याच दिवशी काकांचा फोन. "विन्सेंट, लवकर ये. तुझा माल निघून राहिला!"

गेलो. नालीतून पोत्यांनी प्लास्टिक निघत होतं. त्यात निळ्या काठाचे ग्लास. असे ग्लास जबलपुरात मीच आणतो.

"काहून रे, तुझेच न हे?" काकांनी विचारलं. मी वाकून पोतं धरू लागलो.

आणि पुढच्याच आठवड्यात चर्चचा सण! वर्षातली माझी सर्वांत मोठी ऑर्डर. गोदाम भरून ठेवलेलं. फादरांना विचारलं, "जेवणाच्या प्लेटांचं कसं करू?" वाटलं, नाही म्हणतील, मग मी वाद घालीन.

फादर म्हणाले, "चर्च सांगतं, ज्याच्या हातातला निर्णय, त्यानंच घ्यावा. वरच्यानं ओढून घेऊ नये. तुम्ही ठरवा."

आता वाद कोणाशी घालू!

शेवटी मंडला रोडकडच्या बायकांकडून पळसाच्या पानांच्या पत्तली आणल्या. गोदामातला माल कंपनीनं परत घेतला नाही. अजून पडून आहे. आणि सणाला रस्सा इतका पातळ, की डॉमनिककाका पंगतीत ओरडत फिरले, "आधी भात, मागून रस्सा! नाही तं विकास पँटीवर येईल!"

*

जेवणानंतर फादरांनी मला फाटकाशी वही घेऊन बसवलं: सणात किती प्लास्टिक निघालं, ते लिहायचं. पत्तली खताच्या खड्ड्यात गेल्या. मी ऐटीत 'शून्य' लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

इतक्यात फिलोमिनाबाई हॉलच्या मागून दोन पोती ओढत आल्या. पाण्याचे रिकामे प्लास्टिकचे पाऊच! पाण्याची जबाबदारी त्यांची. धुतलेले स्टीलचे ग्लास कमी पडले, पोरं तहानेनं रडू लागली, आणि बाईंनी चेरीतालच्या दुकानातून गुपचूप पाऊच मागवले होते.

"राहू द्या बाई," मी म्हणालो. "कोणी पाहिलं नाही. तुम्ही तरी काय करणार होता?"

बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण काढलं आणि परत हातात दिलं.

"पोती दोन. माझ्या नावानं लिही. हिशोब खरा ठेव, विन्सेंट."